बर्डीवरची गार

सीताबर्डीच्या पानठेल्यावर दोरीला बांधलेला एक लायटर लोंबत असतो. गिऱ्हाईक येते, सिगारेट ओठांत धरते, लायटर ओढून घेते आणि अंगठ्याने चाक फिरवते. खर्र. ज्योत नाही. पुन्हा खर्र, पुन्हा नाही. मग ठेलेवाला हात पुढे करतो, लायटर फळीवर दोनदा ठोकतो, चाकावर फुंकर घालतो आणि पहिल्याच फेरीला पेटवून देतो. 'दगड संपत आला त्याचा,' एवढेच बोलतो आणि परत खर्रा घोटायला लागतो. शेजारच्या माणसाने तोवर तळहातावर तंबाखू मळून बार भरलेला असतो.

दगड आणि बार. रस्त्यापलीकडे टेकडी आहे, टेकडीवर लष्कराच्या ताब्यातला किल्ला आहे, आणि दोनशे वर्षांपूर्वी ह्याच टेकडीवर एक अख्खी रात्र माणसे ह्या दोन गोष्टींच्या भरवशावर लढली. ठेल्यावरच्या कुणाला ते आठवायचे कारण नाही. भाषेने मात्र ते जपून ठेवले आहे. बंदुकीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची, म्हणून ठासणीची बंदूक. एका वेळच्या भरणीला म्हणायचे बार. बंदूक गेली, बार तंबाखूत राहिला. दारू सर्दावलेली निघाली आणि गोळी सुटलीच नाही, तो फुसका बार सभांच्या भाषणांत जाऊन बसला. आणि पोलादावर गार आपटून ठिणगी पाडणारी चकमक थेट वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर गेली. गडचिरोलीच्या जंगलात पोलीस आणि नक्षलवादी समोरासमोर आले की नागपूरच्या पेपरात मथळा पडतो: चकमक.

मुळात चकमक म्हणजे कमरेच्या पिशवीत मावेल एवढी वस्तू. पोलादाचा एक वाकवलेला तुकडा, एक गार आणि शेवरीचा कापूस. रानात जाणारा गुराखी गारेच्या धारेवर कापूस अंगठ्याने दाबून धरायचा आणि पोलादाचा तुकडा धारेवरून झरकन खाली ओढायचा. ठिणगी कापसात पडली की हलकेच फुंकायचे, कापूस धुमसला की चिलमीवर ठेवायचा. लोहार जुनी झिजलेली कानस तापवून वाकवायचा आणि तिची चकमक करून द्यायचा, कारण कानशीइतके कडक पोलाद गावात दुसरे नसे.

ह्या साध्या खेळात एक गोष्ट बहुतेक लोक उलटी धरून चालतात. आग दगडात असते, अशी समजूत आहे. दगडात आग नसते. गारेची धार पोलादापेक्षा कडक असते. ती पोलादाचा बारीकसा कीस काढते, कीस निघताना घर्षणाने लालबुंद होतो आणि हवा लागताच जळू लागतो. जळते ते लोखंड. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली छापलेल्या 'मायक्रोग्राफिया' ह्या ग्रंथात हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिले आहे. त्याने पांढऱ्या कागदावर ठिणग्या पाडल्या, विझलेले काळे कण सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि त्याला दिसले वितळून गोल झालेले पोलादाचे चकचकीत गोळे. पानठेल्यावरच्या लायटरमध्ये तर नाते पुरते पालटले आहे. तिथला 'दगड' हा दगड नव्हेच. तो सेरियम आणि लोखंड ह्यांचा मिश्रधातू, ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखने १९०३ साली काढलेला. तिथे पोलादाचे चाक ओरबाडते आणि 'दगड' जळतो. म्हणून तो संपतो.

बंदुकीच्या कळीत ही चकमक बसवण्याचे श्रेय फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या मारँ ल बुर्ज्वा ह्या कारागिराला देतात. सतराव्या शतकाची सुरुवातीची वर्षे. हा माणूस चित्रकार होता, घड्याळे आणि वाद्येही करायचा, आणि ते त्याच्या कळीकडे पाहताना जाणवते. त्याआधीची बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली दोरी. तिलाच जामगी म्हणत. दोरीचे टोक सतत धुमसत ठेवायचे, चाप ओढला की ते टोक खाली येऊन नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, ठेवलेल्या रंजकाला, म्हणजे बारीक दारूला, टेकायचे. रंजक पेटले की त्याची ज्वाळा कानातून आत शिरायची आणि बार उडायचा. ह्यात बिघडण्यासारखे फार थोडे होते. हिंदुस्थानी कारागिरांनी तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकवली ती मागासलेपणामुळे नव्हे. ती कुठल्याही गावात दुरुस्त होत होती, तिला उत्तम पोलादाची कमान लागत नव्हती, आणि चाप ओढताना ती हिसका देत नव्हती. नेम धरणाऱ्याला हिसक्याची किंमत कळते.

तिची खोड एकच, पण मोठी. आग आधीपासून पेटलेली हवी. पावसात ती विझते. रात्री तिचा लाल ठिपका दिसतो, वारा असेल तर वासही येतो. आणि शेजारच्या गड्याच्या पोटाशी दारूची शिंगाडी उघडी असताना ह्याच्या हातात धुमसती दोरी असते. गारेच्या बंदुकीने ह्यावर तोड काढली ती अशी, की आग बाळगायचीच नाही. लागेल त्या क्षणी तयार करायची.

ही तयार करण्याची जागा हातभर अंतरावरून पाहावी.

नळीच्या उजव्या अंगाला, कानाच्या बाहेर, रंजकाची एक लहानशी वाटी असते. वाटीवर पोलादाची झडप. ही झडप काटकोनात वाकलेली असते: आडवा भाग वाटी झाकतो, उभा भाग गारेसमोर छाती काढून उभा राहतो. त्याच्या समोर घोडा, आणि घोड्याच्या जबड्यात स्क्रूने आवळलेली गार. चाप ओढला की आतली मोठी कमान घोड्याला पुढे फेकते, गार झडपेच्या छातीवर आपटून खाली खरडत जाते, त्याच धक्क्याने झडप मागे उलटते, वाटी उघडी पडते आणि ठिणग्यांचा झुबका रंजकावर कोसळतो. एकाच फटक्यात ठिणगी पाडायची आणि झाकणही उघडायचे. चांगल्या कळीत चाप ओढल्यापासून गोळी सुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जातो. वाईट कळीत माणूस नेम धरून उभा राहतो, तोंडासमोर भडका उडतो, आणि बंदूक गप्प.

गार जबड्यात नुसती धरली तर पहिल्याच फटक्याला निसटते किंवा तडकते. म्हणून तिच्याभोवती चामड्याची पट्टी दुमडून घालायची. फौजांतून बऱ्याचदा शिशाचा पातळ पत्रा वापरत, कारण शिसे दाबले की गारेच्या प्रत्येक खाचेत शिरून तिला पकडते. चामडे मऊ, ते हादरा पिते आणि धार जास्त टिकते. चामड्याच्या घडीला मागे एक छोटीशी खाच पाडली तर गार स्क्रूला जाऊन भिडते आणि मागे सरकत नाही. स्क्रू आवळला, चार बार उडवले, की पुन्हा आवळायचा. चामडे चेपलेले असते. हे विसरणारा माणूस पाचव्या बाराला फसतो आणि गारेला दोष देतो.

मग धार. घोडा अर्ध्यावर चढवला असताना गारेची धार झडपेच्या अगदी जवळ यावी, लागू मात्र नये. वाटी रिकामी ठेवून, नळी रिकामी आहे ह्याची खात्री करून, घोडा अंगठ्याने धरत हळूहळू खाली आणायचा आणि पाहायचे, धार झडपेला सगळ्या रुंदीवर एकदम टेकते का. एकच कोपरा आधी टेकत असेल तर तेवढ्याच जागी फटका बसत राहतो, झडपेवर खाच पडते आणि ठिणग्या निम्म्या होतात. धार वरच्या बाजूला ठेवायची की गार उलटी करून खालच्या बाजूला, ह्याला नियम नाही. प्रत्येक कळीची उंची वेगळी, घोड्याच्या मानेचे वळण वेगळे. दोन्हीकडून करून पाहावे आणि जिथे फटका झडपेच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात बसेल तिथे थांबावे. त्याहून खाली बसला तर खरडायला जागाच उरत नाही. गारेची कड नळीला घासत नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्यायचे.

सगळ्यात नाजूक गोष्ट दोन कमानींची. घोड्याची कमान ताकदीची हवी, झडपेची हलकी. झडपेची कमान फार ताठ असेल तर झडप उलटत नाही, गार भिंतीवर डोके आपटावे तशी आपटते आणि तिचे तुकडे होतात. फार ढिली असेल तर झडप आधीच उलटते, गारेला खरडायला अर्धी उंचीही मिळत नाही. झडपेने गारेला शेवटपर्यंत अडवले पाहिजे, आणि शेवटी सोडून दिले पाहिजे. हा तोल सुताराच्या रंध्याच्या पात्यासारखा आहे. केसभर पुढे किंवा केसभर मागे, आणि लाकूड सांगते. इथे ठिणग्या सांगतात. अंधारात उभे राहून रिकामी कळ उडवून बघावी. पांढऱ्या-सोनेरी ठिणग्या लांब उडून वाटीत पडत असतील आणि पडल्यावरही क्षणभर फुटत असतील तर पोलाद आणि गार दोन्ही ठीक. लाल, मंद, जवळच विझणाऱ्या ठिणग्या दिसल्या तर झडपेचे पोलाद नरम पडले आहे. तिला हाडांच्या कोळशात घालून तापवायची, पाण्यात विझवायची, कडक करून घ्यायची. नंतर थोडी ऊब देऊन ठिसूळपणा काढायचा. लोहाराला ह्यातले काही नवे नाही. विळ्याला पाणी देणारा हात झडपेलाही पाणी देऊ शकतो.

शेवटी रंजक. इथे अननुभवी हात हमखास चुकतो, कारण त्याला वाटते, जास्त दारू म्हणजे जास्त खात्री. वाटी काठोकाठ भरली आणि दारूने कान बुजला, तर ज्वाळा आत झेप घेत नाही. दारूचा एकेक कण पेटत, वातीसारखा रस्ता कापत आत जातो. बाहेर भडका, मग एक मोठा श्वास घेण्याइतकी शांतता, मग बार. तेवढ्यात नेम हललेला असतो. वाटी निम्म्याहून कमी भरावी, दारू कानापासून जरा दूर सारावी, कान तारेने टोचून मोकळा ठेवावा. शिपायांच्या पट्ट्याला ह्यासाठी एक टोचणी आणि एक लहान ब्रश टांगलेला असायचा.

ती टोचणी आणि तो ब्रश छातीवर घेऊन ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे १,४०० माणसे २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर उभी होती. मद्रास पायदळाच्या २० आणि २४ क्रमांकाच्या रेजिमेंटच्या पलटणी, बंगालच्या सहाव्या घोडदळाच्या तीन तुकड्या, थोड्या तोफा. नागपूरचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स, फौजेचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल स्कॉट. समोर नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज, १८ ते २० हजार, आणि तिच्यात तीन-चार हजार अरब. ह्या अरबांचा दरारा मध्य हिंदुस्थानात सगळीकडे होता, आणि त्यांच्या हातात तोड्याच्या लांब नळीच्या बंदुका होत्या.

कंपनीच्या शिपायांकडची बंदूक म्हणजे 'ब्राउन बेस', तिचा इंडिया पॅटर्न. नळी ३९ इंच, तोंड पाऊण इंचाचे, वजन साडेचार किलोच्या आसपास. ही रायफल नव्हे. नळीच्या आत गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा नाहीत, आतून गुळगुळीत. शंभर पावलांपलीकडे एकट्या माणसावर तिचा नेम धरणे व्यर्थ. पण रांगेत उभे राहून, कागदी काडतूस दातांनी तोडून, मिनिटाला दोन-तीन बार काढता येत. फौजेचा हिशेब होता वीस काडतुसांमागे एक गार. गोळीबार सूर्यास्ताच्या सुमाराला सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावरही चालू राहिला. म्हणजे ज्या शिपायाने त्या रात्री साठ काडतुसे उडवली, त्याला अंधारात, बोटे दारूने काळी झालेली असताना, किमान दोनदा गार बदलावी लागली असेल. स्क्रू ढिला करायचा, बोथट गार टाकायची, पिशवीतून नवी काढायची, शिसे तिच्याभोवती बोटांनी दाबायचे, धार झडपेशी समांतर आहे का हे दिसत नसल्यामुळे अंगठ्याने चाचपायचे. नोव्हेंबरातली नागपूरची रात्र, उघडी टेकडी, गार पडलेली बोटे. लढाईच्या वर्णनांत सेनापतींचे निरोप असतात, चढायांच्या वेळा असतात. हा अंगठा कुठे नसतो. लढाई कशी लढली गेली हे समजून घ्यायचे तर आधी तो अंगठा डोळ्यांसमोर आणावा लागतो.

टेकडीखालच्या बाजूने बघणाऱ्याला रात्र वेगळी दिसली असणार. तोड्याची बंदूक घेतलेल्या प्रत्येक माणसापाशी एक धुमसता ठिपका. वर टेकडीवर मात्र भडका उडाल्याखेरीज काळोख.

म्हणून गारेने तोड्याला हरवले, असे म्हणण्याचा मोह इथे आवरला पाहिजे. २७ तारखेच्या सकाळी अरबांनी धाकटी टेकडी चढून घेतली, तोड्याच्या बंदुका घेऊनच घेतली, आणि तिथली तोफ फिरवून थोरल्या टेकडीवर मारा सुरू केला. कंपनीची बाजू त्या घटकेला जवळजवळ गेली होती. घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड हल्ल्याची परवानगी मागत राहिला आणि अखेर स्वतःच्या जबाबदारीवर मैदानात उतरला. त्याच सुमारास धाकट्या टेकडीवर अरबांमध्ये दारूगोळ्याचा स्फोट झाला, आणि त्या गोंधळात पायदळाने टेकडी परत घेतली. दुपारपर्यंत सगळे आटोपले. कंपनीची ३६७ माणसे मेली किंवा जखमी झाली, म्हणजे चौघांतला एक. त्या २४ व्या रेजिमेंटच्या पलटणीची पूर्वकथा विलक्षण आहे. १८०६ च्या वेल्लोरच्या उठावानंतर ह्या पलटणीचा जुना पहिला क्रमांक काढून घेतला होता. सीताबर्डीनंतर शिपायांनी तो परत मागितला आणि तो त्यांना मिळाला.

पुढचे थोडक्यात. कंपनीच्या मदतीला डव्हटन ह्या सेनापतीची फौज आली, १६ डिसेंबरला सक्करदऱ्याच्या बाजूला लढाई झाली, आणि शहरात कोंडलेल्या अरबांनी आणखी दोन आठवडे दाद दिली नाही. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाजावर, म्हणजे महालातल्या आजच्या गांधी गेटवर, कंपनीने चढाई केली ती फसली. गेटखालून आज ऑटो आणि स्कूटर जातात तिथे मोठ्या तोफखान्याच्या फौजेला तोड्याच्या बंदुकांनी अडवून धरले होते. अरब ३० डिसेंबरला ठराव करून, अटी मान्य करून घेऊन, बाहेर पडले.

गारेच्या बंदुकीचे दिवसही तोवर भरत आले होते. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यातला पाद्री, अलेक्झांडर फोर्साइथ, बदकांच्या शिकारीला जायचा. वाटीतला भडका बघून पाखरे गोळी पोचायच्या आत उडून जात. त्याने धक्क्याने पेटणाऱ्या रसायनाची कळ बनवली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे, असे रसायन भरलेल्या टोपीवर चालणारी, टोपीची बंदूक आली. १८३४ साली वुलिच इथे दोन्ही प्रकारांची चाचणी घेतली. प्रत्येकी ६,००० बार. टोपीची बंदूक ३६ वेळा फसली; गारेची ९२२ वेळा. साडेसहा बारांत एक फुसका. आणि ही चाचणी होती, युद्ध नव्हे. ह्या आकड्यावरून गारेच्या बंदुकीला कमी लेखण्याकडे कल होतो, पण तो आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. चार सुट्या गोष्टी, दगड, चामडे, पोलाद आणि हवा, ह्यांच्या मेळातून सहा-सात वेळांतून पाच-सहा वेळा हमखास आग निघत होती, आणि त्या मेळाची जबाबदारी कारखान्यावर नव्हती, बंदूक धरलेल्या माणसावर होती. टोपी आल्यावर ती जबाबदारी कारखान्याकडे गेली. शिपायाला फक्त टोपी बसवायची राहिली.

सीताबर्डीवर उडालेल्या गारा विलायतेहून आलेल्या होत्या. इंग्लंडच्या सफोक परगण्यात ब्रँडन नावाचे गाव आहे. तिथल्या खडूच्या थरांतून काळी गार काढून, हातोडीच्या नेमक्या ठोक्यांनी तिच्या पट्ट्या पाडून, पट्ट्यांचे चौकोनी तुकडे करणारी घराणी ब्रिटिश फौजेला गारा पुरवीत. टोपीची बंदूक आल्यावर इतरत्र हा धंदा बसला, पण ब्रँडनमधून आफ्रिकेला गारा विसाव्या शतकातही जात राहिल्या. फ्रान्सची गार मधाच्या रंगाची, म्यून गावची. जाणकार रंगावरून गाव सांगतात.

आणि ज्या टेकडीवर ह्या समुद्रापारच्या गारा झिजल्या, ती टेकडी स्वतः दगडांचे एक पुस्तक आहे. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या काठावर बसले आहे. शहराच्या पश्चिमेला काळा दगड, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना, वेगळ्या जातीचा. सीताबर्डीच्या टेकडीत लाव्ह्याचे दोन थर आहेत आणि त्यांच्यामध्ये तळ्याच्या गाळाचा पातळ पट्टा. पहिला लाव्हा थंड झाला, वर पाणी साचले, शिंपले आणि वनस्पती गाळात गाडल्या गेल्या, मग दुसरा लाव्हा आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही हकिकत. अशा गाळाच्या थरांत विदर्भात आणि शेजारच्या छिंदवाड्यात कित्येक ठिकाणी सिलिका झिरपून चर्ट झाला आहे. चर्ट हा गारेचा सख्खा भाऊ. तीच घडण, तशीच धार, पोलादावर तशीच ठिणगी. छिंदवाड्याच्या मोहगावच्या चर्टमध्ये तर झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतील इतक्या शाबूत आहेत.

हे थर जगापुढे मांडले स्टीफन हिस्लॉपने. १८४५ साली तो मिशनरी म्हणून नागपुरात आला, सहकारी रॉबर्ट हंटरसह टाकळीच्या आणि सीताबर्डीच्या खडकांत हातोडी घेऊन हिंडला, आणि १८५५ साली दोघांचा नागपूरच्या भूगर्भावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लढाईला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती. त्या दिवसांत पाहणाऱ्यांना टेकडीवर शिशाच्या गोळ्या दिसत असतील. हिस्लॉपने बघितला त्यांच्या खालचा दगड. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. नागपूरचे अजब बंगला संग्रहालयही त्याच १८६३ सालचे.

बर्डीच्या किल्ल्याचे दार सामान्य माणसाला वर्षातून तीनदा उघडते: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. १ मेला ऊन इतके असते की दगडावर हात टेकवत नाही. माणसे चढून जातात, वरून शहर बघतात, मेट्रो आणि रेल्वे स्टेशन बोटाने दाखवतात, टेकडीच्या गणपतीला नमस्कार करून घरी जातात. गारेची बंदूक चालवून पाहायची संधी कुणालाच नसते, आणि तसे ते बरेच आहे. पण ठिणगीपुरते सांगायचे तर त्यासाठी किल्ल्यावर जावे लागत नाही.

नागपुरात कुठेही घर बांधायला निघाले की दाराशी कन्हानच्या रेतीचा ढीग पडतो. पोरे त्यात खेळतात आणि पांढऱ्या गारगोट्या वेचून खिशात भरतात. रात्री पांघरुणात दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की आत पिवळसर उजेड उमटतो आणि जळल्यासारखा वास सुटतो. हा उजेड थंड असतो; घर्षणाने स्फटिकात उमटणारा, काहीही न जाळणारा. मुलगा कापूस धरून बघतो, कापूस तसाच. तो आजोबांकडे जातो. आजोबांनी आयुष्य कुठल्यातरी वर्कशॉपात काढलेले असते. ते गारगोटी डोळ्यांजवळ नेतात, 'हिला धार नाही रे बाबू' म्हणतात, आणि अंगणात जाऊन ती पाट्याच्या कडेवर ठोकून फोडतात. चार तुकड्यांतला एक निवडतात. मग खाटेखालची पत्र्याची पेटी ओढतात, तळातून दात झिजलेली जुनी कानस काढतात, दिवा मालवायला सांगतात. पहिल्या फटक्याला काही नाही. ते तुकडा बोटांत थोडा फिरवतात, तिरपा करतात, अंगठ्याने धार चाचपतात आणि पुन्हा ओढतात.